पुढच्या महिन्यात काय लागणाराय?

आमच्या फ्रिजवर दोन कागद शेजारी शेजारी लटकलेले असतात. एक कालनिर्णय. कोल्हापूरहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत आई तो दरवर्षी कोंबतेच. दुसरं हाइड पार्क पिक्चर हाउसचं माहितीपत्रक. इंग्लंडमधल्या लीड्सचं हे छोटं थिएटर आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. येत्या काही आठवड्यांत कुठल्या वारी, किती वाजता, काय लागणार ते त्या पत्रकात असतं. प्रत्येक नावाखाली दोन-तीन ओळींत गोष्ट, आणि शेवटी चित्रपट कुठल्या जातीचा तो शब्द. 'ड्रामा' दिसला की मी पेन्सिलीनं गोल करते. माझ्या हिशेबानं ड्रामा म्हणजे खून नाही, उडणाऱ्या गाड्या नाहीत, दोन माणसं दोन तास एकमेकांशी धड बोलू शकत नाहीत. मला हे आवडतं. नवऱ्याला नाही, म्हणून मी एकटी जाते.

या वेळी असे चार गोल झालेत. एक शेत विकायला निघालेल्या दोन बहिणींचा आहे, एक बंद पडलेल्या गोदीच्या गावातल्या बापलेकाचा. उरलेल्या दोघांचं वर्णन इतकं मोघम की बघितल्याशिवाय काही कळणार नाही.

तो चौथा गोल करत होते, तेवढ्यात कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठिणगी पडली. कुणीतरी लिहिलं, नव्या मराठी चित्रपटाला कोल्हापुरात दोनच खेळ, दोन्ही सकाळचे. झालं. मल्टिप्लेक्सवाल्यांचा उद्धार झाला, हिंदीवाल्यांचा झाला, 'सरकार झोपलंय का' झालं. मग एकानं कोल्हापूरच्या जुन्या जयप्रभा चित्रपट स्टुडिओच्या जागेच्या विक्रीवरून २०२२ मध्ये झालेल्या आंदोलनाचे फोटो टाकले, दुसऱ्यानं ८ ऑगस्ट २०२४ ला जळणाऱ्या केशवराव भोसले नाट्यगृहाचा व्हिडिओ. तिथून गाडी 'प्रभात' फिल्म कंपनीवर गेली, १९२९ ला आपल्याकडं सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला कशी गेली त्यावर. रात्री उशिरा ग्रुप बाबूराव पेंटरांच्या १९२० सालच्या 'सैरंध्री' या मूकपटापाशी पोचला होता.

चारशेएक मेसेज झाले असतील. पुढच्या शनिवारी कोल्हापुरात कुठला चित्रपट किती वाजता आहे, हे त्यातल्या एकातही नव्हतं.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. सिनेमाबद्दल आपण जीव तोडून भांडतो ते झालेल्या गोष्टींसाठी: इमारती, जागा, मान, पहिलं कोण. पुढच्या महिन्याच्या वेळापत्रकासाठी मात्र कुणी भांडत नाही. आणि गंभीर, संथ, बिनस्टारचा चित्रपट जगतो तो त्या वेळापत्रकावर.

लगेच कुणी म्हणेल, 'आली परदेशातून अक्कल शिकवायला.' ते मान्य करून पुढं जाते. इथलं गुलाबी चित्रही मी काढणार नाही. कित्येकदा त्या हॉलमध्ये आम्ही अकराजण असतो आणि त्यातल्या सातजणांना बसचा पास फुकट मिळण्याचं वय झालेलं असतं. तिकिटाच्या पैशांत कोल्हापुरात आठ-दहा मिसळी येतील, जादा पावासकट. या थिएटरवरही बंद पडायची पाळी आली होती. १९८९ मध्ये लीड्स महापालिकेनं हात दिला म्हणून ते वाचलं. अलीकडं जीर्णोद्धार झाला त्याला लॉटरीतून वारशासाठी निघणाऱ्या निधीचा टेकू होता. आणि प्रत्येकाला असा टेकू मिळतो असंही नाही. एडिंबराचं फिल्महाउस ऑक्टोबर २०२२ मध्ये अचानक बंद झालं. ते पुन्हा उघडायला २०२५ चा जून उजाडला, त्यासाठी लोकांनी वर्गणीही काढली. म्हणजे इंग्रज सिनेमावेडा आणि आपण करंटे, असलं काही नाही.

वारशाचं म्हणाल तर दोन्ही गावं तोडीस तोड आहेत. १८८८ मध्ये लुई ल प्रॅन्स नावाच्या फ्रेंच माणसानं इथल्या राउंडहे भागातल्या एका बागेत चारजणांना चालायला लावून दोन-अडीच सेकंदांचं चित्रण केलं. टिकून राहिलेल्या चित्रफितींत ती सगळ्यात जुनी मानली जाते. दोन वर्षांनी तो माणूस आगगाडीत बसला आणि परत कुणाला दिसला नाही. पिक्चर हाउस १९१४ चं, आपलं केशवराव भोसले, म्हणजे तेव्हाचं पॅलेस थिएटर, १९१५ चं. एका वर्षाच्या अंतरानं जन्मलेली भावंडंच म्हणा. इथं आत अजून गॅसचे दिवे आहेत. चित्रपट चालू असतानाही ते भिंतीवर मिणमिणत राहतात. पूर्वी मागच्या रांगेतल्या जोडप्यांनी चाळे करू नयेत म्हणून ते ठेवले होते म्हणे. आमच्याकडं हे काम बॅटरीवाला डोअरकीपर करायचा.

पण त्या दिव्यांसाठी मी एकदाच गेले. नंतर जाते ती मंगळवारी सहा वाजता अमुक चित्रपट आहे हे तीन आठवडे आधी ठाऊक असतं म्हणून. मी शिफ्ट बदलून घेते, मुलाला शेजारणीकडं सोडायचं आधी ठरवते. खेळ रद्द होत नाही. पाचजण असले तरी पाचजणांसाठी होतो. जीर्णोद्धारानंतर २०२३ मध्ये पुन्हा उघडताना त्यांनी तळघरात दुसरा छोटा पडदा केला. त्याचा फायदा असा की मोठ्या हॉलमध्ये नवा चित्रपट आला तरी जुना खाली उतरतो, लगेच हाकलला जात नाही. ड्रामाला हे फार लागतं. मारधाडीचा चित्रपट शुक्रवारी बघायचा असतो. ड्रामा कुणीतरी आधी बघतं, दोन दिवस गप्प राहतं आणि मग ऑफिसात चहाच्या वेळी म्हणतं, 'तू तो बघ.' तोवर चित्रपट थिएटरात असायला पाहिजे ना!

आपल्याकडं काय होतं? बुधवारी रात्री, कधी गुरुवारी, बुकिंग उघडतं, तेव्हा कळतं की खेळ सकाळी पावणेदहाचा आहे. सोमवारी तो उडालेला असतो. मग दिग्दर्शक फेसबुकवर हात जोडतो आणि आपण 'प्रेक्षकच करंटे' किंवा 'मल्टिप्लेक्सच हरामखोर' यातला आपापला पक्ष निवडतो. 'साबर बोंडं'चं बघा. रोहन कानवडे यांच्या या मराठी चित्रपटाला २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक ड्रामा विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. भारतात तो लागला १९ सप्टेंबरला. मधे जवळजवळ आठ महिने. आठ महिन्यांत माणूस घर बांधून वास्तुशांत करतो. आमच्या ग्रुपवर 'कुठं लागलाय, किती वाजता' ही विचारणा मात्र त्याच आठवड्यात चालू होती.

सरकारी उपाय करून झालेत. एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सनी संध्याकाळी सहा ते नऊ मराठी चित्रपट दाखवावा असा फतवा निघाला. चार दिवस रण पेटलं आणि ती वेळ सैल होत होत दुपारी बारा ते रात्री नऊ झाली. दुपारी बाराला प्राइम टाइम म्हणणारी माणसं रात्रपाळी करत असावीत. खेळांची संख्या कायद्यानं वाढवता येईलही. पण घरातली आई पावणेदहाच्या खेळाला सहज निघू शकत नाही, त्याला कायदा काय करणार?

'कोल्हापूरची माणसं येतच नाहीत' हे मला कुणी सांगू नये. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना असला की कामाच्या दिवशी भर दुपारी हजारो माणसं उन्हात बसतात. कारण सामना कधी आहे हे पेठेत शेंबड्या पोराला ठाऊक असतं. नाटकाचं तेच. पेपरात चौकट येते: शनिवार, दुपारी ४, अमुक नाट्यगृह. ती कापून कालनिर्णयला टाचणीनं लावणारी घरं मी बघितली आहेत. राज्य नाट्य स्पर्धेत हौशी मंडळींची नाटकं बघायलासुद्धा लोक तारीख धरून येतात. कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी शाहू स्मारकात चित्रपट दाखवते तेही आधी कळवून. म्हणजे सवय आपल्यात आहे. चित्रपटाच्या धंद्यातून ती गेलीय एवढंच.

आणि तिथंही ती होती! लहानपणी टॉकीजच्या दारात काचेची पेटी असायची. त्यात चालू चित्रपटाचे फोटो आणि बाजूला लाल अक्षरांत 'आगामी आकर्षण'. शाळेतून येताना आम्ही त्या काचेला नाक लावून उभ्या राहायचो, काचेवर वाफ धरायची. पुढच्या शुक्रवारी काय लागणार हे मला गणिताच्या पाढ्यांपेक्षा पक्कं असायचं. वरून कर्णा लावलेली रिक्षा फिरायचीच. आता उमा टॉकीज, व्हीनस कॉर्नर ही नावं आपण रिक्षावाल्याला उतरायची जागा सांगायला वापरतो.

म्हणून माझं म्हणणं लहान आहे. एक पडदा. आठवड्यातली एकच वेळ, शनिवारी संध्याकाळी सहा म्हणा. तिथं गंभीर मराठी चित्रपट, आणि पुढच्या दोन महिन्यांची यादी दारावर, पेपरात, दुधाच्या पिशवीबरोबर, कुठंही. रिकामा गेला तरी खेळ रद्द करायचा नाही. पहिले सहा आठवडे तोटा होईल. वितरक म्हणेल, एवढं आधी शब्द देता येत नाही. थिएटरवाला म्हणेल, शनिवारची सहाची वेळ मी का घालवू? प्रश्न खोटे नाहीत, आणि वीज बिल त्याला भरायचंय, मला नाही. पण वारशाच्या आंदोलनात जेवढी माणसं घोषणा द्यायला येतात, त्यातल्या निम्म्यांनी दोन महिन्यांची तिकिटं आधी घेतली, तर या दोघांशी बोलायला निदान काहीतरी हातात असेल.

आईचं सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी माझ्या आग्रहावरून ती आणि मैत्रीण एक मराठी चित्रपट बघायला गेल्या. मैत्रिणीनं त्यासाठी सकाळचा डबा रात्रीच करून ठेवला होता. तिथं गेल्यावर कळलं, माणसं कमी म्हणून खेळ रद्द. पैसे परत दिले. आईला राग पैशांचा नव्हताच. 'मी परत काय जातो व्हय!' म्हणाली. (आमच्याकडं बायका 'जातो'च म्हणतात. लीड्सला येऊन मी 'जाते' लिहायला शिकलेय, तोंडात अजून 'जातो'च आहे.)

तरी गेली. पुढच्या महिन्यात दुसरा चित्रपट आला, वेळ तीच, थिएटर तेच. या वेळी शेजारच्या काकूंनाही बरोबर घेतलं. खिडकीवरचा पोरगा म्हणाला, "तिघीच आहात मावशी. पाच तरी पाहिजेत, नाहीतर लावत नाहीत."

"पाच झाली की लावताय?"

"व्हय."

"मग दे की पाच."

तिघी मधल्या रांगेत बसल्या आणि उरलेल्या दोन खुर्च्यांवर पर्सा, पाण्याची बाटली आणि येताना घेतलेली मेथीची जुडी ठेवली. चित्रपट कसा होता विचारलं तर म्हणाली, "रडका होता. पण बरा रडका होता."