राष्ट्राध्यक्षांचे हात बांधायचे आहेत?

राष्ट्राध्यक्ष डोईजड झालेत? ऊठसूट माणसं काढताहेत? आणि दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं तुमच्या खिशात आहेत? मग थांबलात कशाला, करा कायदा. नमुना तयार आहे: वॉशिंग्टन, मार्च १८६७. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा नकाराधिकार धुडकावून काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, पदावधी कायदा आणला. सिनेटच्या संमतीनं नेमलेल्या माणसाला सिनेटला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. बोलायला तत्त्व होतं, वाचवायची होती युद्धमंत्री एडविन स्टँटन यांची खुर्ची. यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेतली लष्करी राजवट त्यांच्या खात्याकडे होती आणि तीच जॉन्सन यांच्या डोळ्यांत खुपत होती.

एक पथ्य मात्र पाळा. कायदा ज्याच्यासाठी करताय त्यालाच तो लागू पडतो का, हे मोघम ठेवा. या कायद्यात मंत्र्याला संरक्षण होतं ते त्याला नेमणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीत आणि पुढे एक महिना. स्टँटन यांना नेमलं होतं लिंकन यांनी, १८६२ मध्ये, आणि लिंकन तर १८६५ मध्येच गेले. आता मोजत बसा महिना. वकिलांनाही संसार असतो.

माणूस निवडतानाही चोखंदळ राहा. हे विधेयक घटनाबाह्य आहे, असं मंत्रिमंडळात खुद्द स्टँटन यांनीच सांगितलं होतं. नकाराचा मसुदा करायलाही त्यांनी हातभार लावला. वर्षभरात ते त्याच कायद्याला बिलगून बसले. मतं अशी सुटसुटीत असावीत, प्रवासात बरी पडतात.

बडतर्फीचा कागद आला की उठायचं नाही. २१ फेब्रुवारी १८६८ ला स्टँटन यांना तो मिळाला. सिनेटर सम्नर यांनी एकाच शब्दाचा निरोप धाडला: चिकटा. ते चिकटले, रात्रीचा मुक्कामही कचेरीतच. त्यांच्या जागी नेमलेले जनरल लोरेन्झो थॉमस दुसऱ्या दिवशी ताबा घ्यायला आले, पण त्याआधी सकाळीच स्टँटन यांनी त्यांना अटक करवली होती. जामिनावर सुटून आलेल्या थॉमस यांची तक्रार काय, तर पुढच्या वेळी पकडाल तेव्हा आधी काही खाऊ द्या, सकाळपासून पोटात काही नाही. स्टँटन यांनी त्यांच्या गळ्यात हात टाकला, केसांतून बोटं फिरवली आणि बाटली मागवली. घटनात्मक पेच इतक्या प्रेमानं क्वचितच कोणी हाताळला असेल.

पुढे महाभियोग. सिनेटमध्ये दोषी ठरवणारी मतं ३५, विरुद्ध १९, हवी होती ३६. जॉन्सन गेले असते तर ज्यांच्या पदरात राष्ट्राध्यक्षपद पडणार होतं, त्या बेंजामिन वेड यांनीही मत दिलं. दोषी, दुसरं काय! तरी एक कमीच पडलं. स्टँटन यांनी २६ मे रोजी कचेरी सोडली, कायदा १८८७ मध्ये रद्द झाला आणि तो मुळातच अवैध होता, हे सर्वोच्च न्यायालयानं १९२६ मध्ये एका पोस्टमास्तरच्या खटल्यात सांगितलं. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश टाफ्ट. होय, माजी राष्ट्राध्यक्ष.

तरी निराश होऊ नका. १९३३ मध्ये रूझवेल्ट यांनी व्यापार आयोगाचे सदस्य विल्यम हम्फ्री यांच्याकडे राजीनामा मागितला, तो मिळेना म्हणून त्यांना काढलं. थकलेल्या पगाराचा खटला ते सर्वोच्च न्यायालयात थेट जिंकले, १९३५ मध्ये, एकमतानं. फक्त त्याआधी सव्वा वर्षापूर्वीच ते वारले होते. तेव्हा राजीनामा नाकारण्यापूर्वी मृत्युपत्र करून ठेवा, आणि थकलेला पगार कोणाच्या हाती पडावा, एवढं तरी त्यात स्पष्ट लिहा.