७०० अब्जांचा तो मेसेज माझाच, आणि तो चुकीचा आहे

परवा सोसायटीच्या ग्रुपवर मीच टाकलं होतं की २००८ ला अमेरिकेने बँका वाचवायला ७०० अब्ज डॉलरचा कायदा केला आणि त्यात अर्थमंत्र्याच्या निर्णयावर कोर्टातसुद्धा जाता येत नाही. आता तो घोडबंदरच्या तीन ग्रुपवर फिरतोय म्हणे.

काल ठाणे-वाशी लोकलमध्ये दाराशी उभं राहून कायद्याची पीडीएफ उघडली तर कलम ११९ मध्ये कोर्टाच्या तपासणीची सोय सरळ लिहिलेली. स्टे मिळवणं अवघड करून ठेवलंय, ते वेगळं. 'कोर्ट नको' हे वाक्य होतं, पण तेव्हाचे अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांच्या पहिल्या तीन पानी मसुद्यात, कलम ८ ला, त्यावर बोंब झाली आणि ते गेलं. बदललेलं बिलसुद्धा २९ सप्टेंबरला प्रतिनिधीगृहात पडलं, ३ ऑक्टोबरला कुठे कायदा झाला, त्यात या पैशांवर नजर ठेवणारा स्पेशल इन्स्पेक्टर जनरल, काँग्रेसचं (म्हणजे अमेरिकी संसदेचं) देखरेख पॅनल, सरकारी ऑडिट सगळं आलं, आणि पैसेही टप्प्याटप्प्याने, आधी २५० अब्जच. मी मसुदा वाचून कायदा समजलो, घाई नडली.

ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनी प्लीज डिलीट करा, आणि जिथे पाठवला तिथे हा टाका.