शॉकला साक्षीदार नसतो

विजेचा शॉक हे एकट्यानेच भोगायचं दुःख आहे. ताप आला तर थर्मामीटर साक्ष देतो, पडलो तर सोलवटलेला गुडघा दाखवता येतो. शॉकचं काय दाखवणार? माणूस "आई गं!" करून उडतो आणि खाली येईपर्यंत पुरावा नष्ट झालेला असतो.

फ्रिजच्या दांडीने मला झटके द्यायला सुरुवात केली, तेव्हा मी हे घरच्यांच्या कानावर घातलं. बायको उठली, दांडी धरली, दार उघडलं, मिटलं. "मला नाही बसत." पायात रबरी स्लिपर. मुलाने दोन बोटं लावली. "मलाही नाही." त्याच्या पायात बूट. ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला मी एकटाच. दोन विरुद्ध एक अशा बहुमताने प्रकरण निकालात निघालं.

मी समजावून पाहिलं की पत्र्यात उतरलेल्या विजेला जमिनीपर्यंत वाट लागते. तुमच्या रबरी तळव्यांपाशी ती अडते, माझ्यातून सरळ जाते. त्यावर बायको म्हणाली, "मग तुम्हीही घाला ना स्लिपर." याला उत्तर नव्हतं, म्हणून जास्तच राग आला.

अशा वेळी मला इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिशचा हेवा वाटतो. टॉर्पेडो नावाचा मासा जो झटका देतो तो विजेचाच, हे त्या काळी काही विद्वानांना पटत नव्हतं. खाऱ्या पाण्यात वीज साठून राहील कशी, म्हणे. कॅव्हेंडिशने चामड्याचा खोटा मासा बनवला, त्याला लेडन जारांची, म्हणजे वीज साठवणाऱ्या काचेच्या बरण्यांची, बॅटरी जोडली, मिठाच्या पाण्यात ठेवला आणि १७७५ मध्ये मंडळींना बोलावून सरळ हात घालायला लावले. आदरातिथ्याची ही पद्धत मला फार पटली, पण आमच्याकडे अनवाणी यायला कोणी तयार होईना.

त्याहून नशीबवान ते फ्रेंच शिपाई. १७४६ मध्ये नोले नावाच्या पाद्र्याने १८० जणांना हातात हात घालून राजासमोर उभं केलं आणि लेडन जारचा झटका सोडला. सगळे एकदम उडाले! आपल्याला शॉक बसला आणि बाकीच्या १७९ जणांपैकी एकही "मला नाही बसला" म्हणाला नाही, याहून माणसाला आणखी काय हवं?

घरात माझ्यावर विश्वास ठेवणारी एकटी मांजर. कोरड्या हवेत ती गालिच्यावर अंग घासून येते, मी तिच्या नाकाला बोट लावतो, 'टच्' होतं आणि सुरुवात समोरच्यानेच केली अशा नजरेने आम्ही एकमेकांकडे बघतो. ती ठिणगी काही हजार व्होल्टची असते. दक्षिण अमेरिकेतल्या विजेच्या ईल माशाची एक जात २०१९ मध्ये ८६० व्होल्ट देताना नोंदली गेली; म्हणजे व्होल्टमध्ये तोही आमच्या मांजरीपुढे किरकोळच. (आणि ही बया सोफ्यावर झोपते.) फक्त तिच्या ठिणगीत जीव नसतो, क्षणात विझते. फ्रिजचे व्होल्ट अवघे २३०, पण त्याचा साठा संपत नाही.

शेवटी सासरे मुक्कामाला आले. आंघोळ करून, ओल्या पायांनी पाण्याची बाटली घ्यायला गेले. स्वयंपाकघरातून जी आरोळी आली, ती ऐकून मला काय वाटलं ते सांगण्यासारखं नाही. तासाभरात वायरमन हजर. त्याने पत्र्याला टेस्टर लावला, दिवा पेटला. तो विझायच्या आत मी एकेकाला हाताला धरून आणलं आणि दाखवला. मग त्याने सॉकेट उघडलं. वरच्या मोठ्या भोकामागे अर्थिंगची वायरच नव्हती. "हे नुसतं शोभेला आहे हो," तो म्हणाला. वायर टाकली, ३० मिलिअँपिअर गळती झाली तरी वीज तोडणारा ब्रेकर बसवला.

निघताना त्याने विचारलं, "काय वहिनी, एवढे दिवस कोणाला शॉक नाही बसला?"

"नाही हो," बायको म्हणाली. "आज बाबांनाच पहिल्यांदा."