आकडे उतरले की चाचण्या?
कोरोनाच्या चाचण्या घटल्या म्हणूनच रुग्ण घटलेले दिसत होते, हा लेखातला मुद्दा शंभर टक्के पटला. २०२० मध्ये धारावीत पालिकेची माणसं रुग्ण दारात यायची वाट बघत बसली नव्हती. पीपीई किट घालून दहा बाय दहाच्या खोल्यांपर्यंत पोहोचली होती. जानेवारी २०२२ मध्ये मात्र आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनेच सांगितलं, की वय किंवा सहव्याधींमुळे जोखीम नसेल तर लक्षणं नसलेल्या संपर्कातल्यांची चाचणी नको. त्यात घरच्या घरी चाचणी करायचे किट आले. आमच्या सोसायटीत दोन रेघा उमटलेली, म्हणजे बाधित दाखवणारी पट्टी सरळ कचऱ्यात जायची, नोंद शून्य. ओमायक्रॉन या कोरोनाच्या नव्या प्रकाराच्या वेगापुढे प्रत्येकाचा माग काढणं अवघड होतं, मान्य. पण ज्यांच्या घरात डायलिसिसवरचा माणूस आहे, त्यांनी कशावर विसंबायचं? निदान तिथे तरी आशाताईंना पाठवत राहायला हवं होतं, आणि त्याचा रीतसर मोबदला द्यायला हवा होता.