नवख्याला आधी सृष्टीची उत्पत्ती सांगा

मित्राने 'स्कायरिम' हा व्हिडिओ गेम पहिल्यांदाच सुरू केलाय आणि तो विचारतोय, "यात कोणता वंश निवडू?" अशी संधी पुन्हा येत नाही. त्याला एका शब्दाचं उत्तर हवंय हे तुम्हाला कळलं असेल, पण कळल्याचं दाखवू नका. खेळ २०११ चा आहे ना? मग सुरुवात याच मालिकेतल्या पहिल्या खेळापासून, १९९४ च्या 'अरीना'पासून करा. अर्थात सृष्टी निर्माण व्हायच्या आधीचं सगळं सांगून झाल्यावर.

मध्येच तो म्हणेल, "हे मांजर बोलतं का?" 'हो' म्हणून मोकळं होणारी माणसं वेगळी. तुम्ही सांगा की खाजीत, म्हणजे या मांजरवंशातला कुणी, जन्मतो तेव्हा आकाशातल्या दोन चंद्रांच्या कला जशा असतील तसं त्याला रूप मिळतं. कुणी दोन पायांवर चालतो, कुणी घरच्या मांजराएवढाच राहतो. मग चंद्रांची नावं घ्या, मासर आणि सेकुंडा. हे चंद्र म्हणजे एका मेलेल्या देवाचं कलेवर आहे, असं एक मत आहे. 'एक मत' यावर जोर द्या, म्हणजे बाकीची मतंही सांगता येतात. खेळ सुरू होतो तो मान छाटायच्या रांगेत, आणि वंश तिथेच निवडायचा असतो; तेव्हा एव्हाना पडद्यावर शिपाई यादी धरून ताटकळत असेल. ताटकळू दे. मान छाटायची घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही.

नवखा हुशार निघाला आणि त्याने विसंगती पकडली, तरी घाबरू नका. याच मालिकेतल्या १९९६ च्या 'डॅगरफॉल'ला अनेक शेवट होते. त्यातला खरा कोणता? मालिकेतल्या पुढच्या खेळांनी सांगून टाकलं, सगळेच खरे. तेव्हा काळच मोडला होता. याला 'ड्रॅगन ब्रेक' म्हणतात. (दिलेला शब्द पाळला नाही म्हणून कुणी जाब विचारला, तर हे उत्तर तिथेही करून बघायला हरकत नाही.)

'डार्क सोल्स' हा दुसरा गेम खेळणाऱ्याला मात्र स्वतः काही सांगू नका. तिथला निम्मा इतिहास अंगठ्या-तलवारींच्या वर्णनात दडलाय, तो त्यालाच वाचायला लावा, तोही ऐन लढाईत. मेन्यू उघडला म्हणून हा खेळ थांबत नाही. तो मेला की म्हणा, "वाचलं असतंस तर कळलं असतं."

'एल्डन रिंग' या गेममध्ये मारिका आणि राडागॉन या पात्रांचं नातं काय, असं विचारलं तर गालातल्या गालात हसा. बस.

एवढं करूनही काही लोक 'स्कायरिम'मधला एकेक संवाद बटण दाबून उडवतात, ड्रॅगन मारतात आणि खुशीत सांगतात, "भारी गेम आहे रे!" अशाला थंडपणे विचारा, "आतली पुस्तकं वाचलीस?" तो म्हणेल, "नाही, सापडली तेवढी विकली. घर घेतलं."

इथे चिडायचं नाही. कुठल्या गावात घेतलं, ते विचारा. व्हाइटरन म्हणाला तर उत्तमच. तिथल्या त्या उलट्या जहाजाच्या छपराची गोष्ट अजून सांगायची राहिलीय.