डेटाबेस मुंगीच्या पावलांनी कसा चालवावा

मंडळाच्या वधू-वर सूचीचा डेटाबेस तुमच्या गळ्यात पडलाय? अभिनंदन. इंदूरमध्ये ज्या पोराला लॅपटॉप उघडता येतो, त्याच्या नशिबी हे कधीतरी येतंच. आता तो संथ कसा ठेवायचा ते ऐका.

जन्मतारीख विचारू नका, ‘वय’ असा रकाना ठेवा. २०१९ साली २७ वर्षांची नोंदलेली मुलगी आजही २७ चीच राहते, पालकही खूश. तारीख घ्यावीच लागली तर साधा मजकूर म्हणून घ्या. मग क्रम लावताना ‘१०-०२-१९९५’ हा ‘२-०१-१९९०’च्या आधी येतो. पत्रिका जुळवणाऱ्यांना तेवढाच विरंगुळा.

शोधाची सोय उदार हवी. आडनावाच्या शेवटी ‘कर’ असलेले सगळे काढा: लाइक ‘%कर’. साधा इंडेक्स, म्हणजे डेटाबेसची अनुक्रमणिका, शब्दाच्या सुरुवातीपासून लावलेला असतो, जुन्या टेलिफोन डिरेक्टरीसारखा. नुसता शेवट सांगितला की तो हात वर करतो आणि डेटाबेस पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत वाचत बसतो. (होळकरांच्या गावात ‘कर’ किती, हे मी सांगायला नको.) सोबत ‘सिलेक्ट स्टार’ (सगळे रकाने द्या) लिहा, म्हणजे नुसतं नाव हवं असलं तरी फोटो आणि पत्रिका दोन्ही वरातीसारखे मागून येतील.

यादी एका जॉइनने, म्हणजे दोन तक्ते जोडून एकाच क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात), आणणं हा आळस झाला. आधी पाचशे नावं आणा, मग प्रत्येकाच्या गोत्रासाठी वेगळी क्वेरी. झाल्या पाचशे एक. सियागंजात किराण्याची यादी न नेता मिठाची एक फेरी, हळदीची दुसरी, तसं.

‘एक्सप्लेन’ नावाची एक आज्ञा असते. क्वेरीच्या आधी लावली की डेटाबेस स्वतःच सांगतो, इंडेक्स वापरणार की सगळा तक्ता चाळणार. ती चुकूनही देऊ नका. दुखणं कळलं की औषध करावं लागतं.

त्यापेक्षा अध्यक्षांना सांगा, सर्व्हर जुना झाला. देणगीतून ३२ जीबी रॅम आणा, नारळ फोडा. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरचा बफर पूल, म्हणजे डिस्कवरचा डेटा रॅममध्ये हाताशी ठेवायची जागा, मुळात १२८ एमबीवर लावलेला येतो. तो आकडा बदलायचा नाही. एवढ्या मोठ्या वाड्यात डेटाबेस जिन्याखालच्या खोलीतच नांदू द्या. तरीही कोणी कुरकुरलं तर प्रत्येक रकान्यावर इंडेक्स ठोका. मग एक नोंद भरताना तितक्याच ठिकाणी लिहावं लागेल आणि तक्रारीचा विषय तरी बदलेल.

बॅकअप त्याच डिस्कवर ठेवा आणि तो परत भरून कधी बघू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा उडवला, तेव्हा बॅकअपच्या सोयी नावापुरत्याच निघाल्या. सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत होती, म्हणून निभावलं. आपल्याकडे असली प्रत घेणाराही कोणी नाही, काळजी नसावी.

आणि अपडेट करताना ‘व्हेअर’ची, म्हणजे नेमकी कोणती नोंद बदलायची याची, अट घालायची नाही. मी एका रविवारी पोहे खाता खाता एका मुलाची स्थिती ‘विवाहित’ केली. सगळी सूची विवाहित झाली. दुपारी पहिला फोन एका काकूंचा: “अहो, आमच्या मुलीचं ठरलं म्हणे. कुठलं स्थळ आहे, ते तरी सांगा!”