हाजी अलीची प्रवाळे आणि टाऊन्सव्हिलच्या फरशा

मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी वरळी आणि हाजी अली येथील खडकांवरून प्रवाळांच्या १८ वसाहती नोव्हेंबर २०२० मध्ये उचलून दुसरीकडे बसवण्यात आल्या. तेव्हापासून दादाशी आणि भाचीशी फोनवर माझा या विषयावर वाद चालू आहे. दादाचे म्हणणे असे की, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळे वाघाच्या पंक्तीत बसतात म्हणून रीतसर परवानगी घेतली, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा सल्ला घेतला, वसाहती जगल्याच्या बातम्याही आल्या. मग तक्रार कसली? भाचीच्या मते मात्र रस्त्याखाली मुंबईची प्रवाळभिंत गाडली गेली.

भाचीला मी सांगते की मुंबईला प्रवाळभिंत नाहीच. तिथल्या गढूळ पाण्यात, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांच्या खळग्यांत, चिवट जातींच्या लहान लहान वसाहती तग धरून आहेत. ऑस्ट्रेलियातली रंगीत छायाचित्रे त्यांच्या नावावर खपवली, तर विरोधकांचीच बाजू लंगडी पडते. पण दादाचा हिशेबही अपुरा आहे, आणि तो का अपुरा आहे हे मला इथे, ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या टाऊन्सव्हिलला आल्यावर कळले.

या गावासमोरच्या मॅग्नेटिक बेटाजवळ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी पाहिले की वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या मोजक्या रात्री अनेक जातींची प्रवाळे एकाच वेळी अंडी आणि शुक्राणूंच्या गुलाबी गोळ्या पाण्यात सोडतात. त्यांतून जन्मलेली, मिलिमीटरभरही नसलेली अळी काही दिवस प्रवाहाबरोबर वाहते आणि मग खडक चाचपू लागते. तिला कोणताही खडक चालत नाही; गुलाबी पापुद्र्यासारखे पसरणारे चुनखडीयुक्त शैवाल आणि त्यावरचे जिवाणू यांच्या रासायनिक खुणा ओळखूनच ती चिकटते, आणि त्या शैवालावर गाळाचा पातळ थर बसला असेल तर बहुधा पुढे निघून जाते. एकदा चिकटली की परतीचा रस्ता नाही; परतायची सोय आमच्यासारख्या स्थलांतरितांनाच. म्हणूनच इथले शास्त्रज्ञ केवळ जिवंत वसाहती मोजून थांबत नाहीत. ते भाजलेल्या मातीच्या बिनचकाकीच्या छोट्या फरशा समुद्रात बांधतात, काही महिन्यांनी काढतात आणि त्यांवर किती पिल्ले बसली ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. २०१६ आणि २०१७ च्या लागोपाठच्या विरंजनानंतर (पाणी तापल्याने प्रवाळे पांढरी पडणे, अनेकदा मरणे) २०१८ मध्ये ग्रेट बॅरियर रीफवरची ही संख्या पूर्वीच्या मानाने ८९ टक्क्यांनी घटली होती. म्हणजे वाचलेल्या वसाहती दिसत होत्या, पण पाळणा जवळजवळ हलत नव्हता.

ऑस्ट्रेलियन प्रवाळ-शास्त्रज्ञ पीटर हॅरिसन यांनी समुद्रावर तरंगणारे बीज गोळा करून, अळ्या वाढवून त्या उजाड खडकांवर सोडण्याची पद्धत फिलिपाइन्समध्ये आणि नंतर इथल्या हेरॉन बेटावर आजमावली. फिलिपाइन्समधली काही पिल्ले तीन वर्षांत स्वतः बीज सोडण्याइतकी मोठी झाली, ही खरोखरच मोठी गोष्ट आहे. तरीही सोडलेल्या लाखो अळ्यांपैकी मूठभरच जगतात, आणि पाणी तापतच राहिले तर तीही मूठ रिकामी होते. ज्या किनाऱ्यावर हे प्रयोग चालतात, त्याच किनाऱ्यावरच्या ॲबट पॉइंट आणि हे पॉइंट बंदरांतून कोळशाची जहाजे रोज निघतात, हे इथल्या मंडळींना ऐकवले की संभाषण थोडे अवघडते. त्यामुळे ऑस्ट्रेलियाला गुरू मानायची माझी तयारी नाही; फरशा मात्र उसन्या घ्याव्यात.

मुळात उचलून बसवलेली वसाहत जगली, याने फक्त ती उचलणाऱ्यांचे हात कुशल होते एवढे सिद्ध होते. रस्त्यासाठी समुद्रात भराव पडल्यावर बदललेले प्रवाह आणि गाळ यांमध्ये वरळीच्या खडकावर नवी अळी बसते की नाही, हा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि रस्त्याचा बरावाईट परिणाम तर तिथेच कळणार. हाजी अली, वरळी आणि तुलनेसाठी मालवणच्या खडकांवर अशा शे-दोनशे फरशा वर्षभर बांधून ठेवायला रस्त्याच्या खर्चातला चिमूटभर पैसा पुरेल. दादाला मी हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "आणि एकही पिल्लू बसले नाही तर?" मी म्हटले, मग पुढच्या भरावाच्या परवानगीअर्जाला त्याच मोजणीचा तक्ता जोडायचा.